नोईचं दोन मजली घर

हेमचंद्र : पण परवडतं कसं त्यांना? मला कोणीतरी एवढंच सांगा.

सुचित्रा : झालं सुरू. विमानात हेच, काल जेवताना हेच, आता गाडीतही हेच.

हेमचंद्र : का, विचारायचं नाही? भाताची शेती करणारं थाई खेडं ते. आणि प्रत्येक दारात पिकअप! कोपऱ्यावर एसी लावलेलं कॉफीचं दुकान. साठ बाथला एक कॉफी. साठ भागिले नऊ, साडेसहा दिरहम. म्हणजे एकशेसाठ रुपये झाले. बावीस वर्षं मी दुबईत धंदा करतोय, मी कधी एकशेसाठ रुपयांची कॉफी प्यायलो नाही.

सुचित्रा : तुम्ही टोलचे सहा दिरहम वाचवायला रोज या जॅममध्ये दीड तास बसता. तुमचं काय घेऊन बसलात.

सत्यजित : ताई, लॉजिकली बघ ना. तिथे दोनच सोर्स. एक तर सगळं हप्त्यांवर. गाडी, फ्रीज, फोन, सगळं. नाहीतर घरटी एक गोरा जावई. तिसरं काही नाही.

सुचित्रा : तू गेला होतास का तिथे?

सत्यजित : मी कसा जाणार? तुम्ही दोघं फिरत होतात तेव्हा किचन कोण सांभाळत होतं? पण रील्स बघतो ना मी.

सुचित्रा : मग गप्प बस. ही गाडी आपण बसलोय ती कशावर आहे? हप्त्यांवरच ना?

(शारजाहून दुबईतल्या रास अल खोरला निघालेली गाडी, सकाळचे साडेसात. निघालेली कसली, मुंगीसुद्धा पुढे गेली असती. स्टिअरिंगवर हेमचंद्र. शेजारी त्याची बायको सुचित्रा. मागे तिचा धाकटा भाऊ सत्यजित, त्यांच्या केटरिंग किचनचा कारभार बघणारा, मांडीवर निळी फाइल घेऊन बसलेला. त्या फाइलमध्ये काय आहे ते सुचित्राला काल कळलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात जाळ आहे. नऊ वर्षं किचनचा थाई काउंटर चालवणाऱ्या नोईला कामावरून काढायचं पत्र आहे ते. आणि नवरा-बायको नुकतेच तिच्याच गावी, तिच्याच घरी पाहुणचार घेऊन परतलेत. गाडी पोचली की त्यावर हेमचंद्रची सही व्हायची आहे.)

हेमचंद्र : बरं, गाव सोड. नोईचं घर घे. दोन मजली. खालची फरशी कशी, तर तोंड बघून घ्यावं. वर तीन खोल्या, दोन एसी. मी तिच्या मेहुण्याला विचारलं, केवढ्याला पडलं. बारा लाख बाथ. भागिले नऊ, एक लाख तेहतीस हजार दिरहम. गुणिले चोवीस...

सुचित्रा : बत्तीस लाख. पाठ झालंय मला.

हेमचंद्र : बत्तीस लाख रुपये! आणि मी तिला पगार देतो अठ्ठावीसशे दिरहम. त्यात आई खाते, बहिणीची दोन पोरं शिकतात. मग उरलेले आले कुठून? आभाळातून पडले?

सुचित्रा : तिचा मेहुणा कमावतो. बहीण बाजारात सॉसेज भाजून विकते, आणि घरी आली की फोनवर लाइव्ह करून कपडे विकते. आपण होतो तेव्हा बसली होती ना अंगणात, तोंडासमोर दिवा लावून? एकेक झगा अंगाला लावून दाखवत होती. पण तुम्हाला ते कुठून दिसणार? तुम्ही फरशीवर टकटक करत होतात.

हेमचंद्र : व्हिट्रिफाइड होती. दोन बाय दोनची.

सुचित्रा : तेच म्हणते मी! आणि गेल्या वर्षी आपल्या भाचीच्या लग्नात तुमच्या चुलतभावानं सगळ्यांसमोर विचारलं, "हेम्या, दुबईत तुला एवढं परवडतं कसं रे?" तेव्हा किती झोंबलं होतं? दोन दिवस त्याच्याशी बोलला नाहीत.

हेमचंद्र : त्याचं वेगळं. त्याला वाटत होतं, मी दोन नंबरचं काहीतरी करतो.

सुचित्रा : आणि तुम्हाला नोईबद्दल काय वाटतंय?

सत्यजित : ताई, पण कोळंबीचं विसरू नकोस. तुम्ही नव्हता त्या दहा दिवसांत दोन कार्टन कमी भरले. स्टोअरची किल्ली फक्त तिच्याकडे आणि माझ्याकडे.

हेमचंद्र : ऐकलंस? आता बोल.

सुचित्रा : बोलते की. दोन कार्टन कोळंबी विकून बत्तीस लाखांचं घर होतं? किती कोळंबी लागेल हो? समुद्र आटेल.

हेमचंद्र : नऊ वर्षं चालू असेल, कोणाला माहीत? सापडली आत्ता.

सुचित्रा : सापडली? कोणाला सापडली? सत्या, माल कधी आला होता?

सत्यजित : मंगळवारी.

सुचित्रा : उतरवून कोणी घेतला?

सत्यजित : मीच. म्हणजे झालं काय, सप्लायरची गाडी उशिरा आली. मला बँकेत जायचं होतं.

सुचित्रा : मोजलास?

सत्यजित : इनव्हॉइसवर चोवीस कार्टन होते, ताई.

सुचित्रा : इनव्हॉइस मलाही वाचता येतं. कार्टन मोजलेस का?

सत्यजित : सही केली.

सुचित्रा : न मोजता.

सत्यजित : तो ड्रायव्हर मागे लागला होता, यल्ला, यल्ला, चल लवकर, गाडी रस्त्यात उभी आहे म्हणून. मी केली सही.

सुचित्रा : आणि हे कधी सांगणार होतास? तिला विमानात बसवल्यावर?

सत्यजित : मी भाऊजींना कालच म्हणालो होतो, की कदाचित मालच कमी आला असेल.

सुचित्रा : अहो?

हेमचंद्र : कदाचित म्हणाला तो.

सुचित्रा : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

हेमचंद्र : समोर बघू दे मला. ट्रेलर घुसतोय.

सुचित्रा : घुसू दे! माहीत होतं, आणि तरी पत्रात "मालाची अफरातफर" असं लिहायला लावलंत? नुसतं काढायचं असतं तर काढता आलं असतं. तिचा व्हिसा या महिन्यात संपतोय, नका करू रिन्यू. हा डाग कशाला?

सत्यजित : ते प्रॅक्टिकल आहे, ताई. साधं सोडलं तर ती उद्या समोरच्या किचनमध्ये जॉइन होईल. आपल्या निम्म्या ऑर्डरी थाई काउंटरच्या आहेत. तिच्यामागून जातील सगळ्या. असं लेटर असलं की तिला कोणी घेत नाही. खलास.

सुचित्रा : अरे, लाज कशी वाटत नाही तुला बोलायला? नऊ वर्षं ती बाई उन्हाळ्यात त्या पेटत्या शेगडीसमोर उभी राहते. तुझी इथली नोकरी कोणाच्या जिवावर आहे? बहिणीच्या नाही, तिच्या!

हेमचंद्र : आवाज कमी कर.

सुचित्रा : काचा बंद आहेत. उघड्या असत्या तरी ओरडले असते. तो हात बघा तुमचा.

हेमचंद्र : काय झालं हाताला?

सुचित्रा : मनगट बघा. तिच्या आईनं बांधलेला पांढरा दोरा. सत्तरीची म्हातारी, गुडघे धरून खाली बसली आणि तुमचं भलं व्हावं म्हणून काहीबाही पुटपुटत बांधला. तीन दिवस काढू नका म्हणाली, तुम्ही पाच दिवस झाले तरी ठेवलात. आणि त्याच हातानं तिच्या पोरीला चोर म्हणून सही करणार?

हेमचंद्र : दोरा वेगळा, धंदा वेगळा.

सुचित्रा : हा धंदा नाही. चोरीबिरीही नाही. स्पष्ट सांगू? तिचं घर बघून तुमच्या पोटात दुखायला लागलंय. बावीस वर्षं आपण शारजात भाड्याच्या वन बीएचकेत. पुण्याचा फ्लॅट बुक करून सात वर्षं झाली, बिल्डर अजून खड्डा दाखवतोय. आणि आपल्याकडे नूडल्स परतणाऱ्या बाईचं घर उभं राहिलं, तेही दोन मजली. ते तुमच्या घशाखाली उतरत नाहीये.

हेमचंद्र : हो, नाही उतरत! नाहीच उतरत! काय चुकलं माझं? भाडं मी भरतो, लायसन्स मी भरतो, सगळ्यांचे व्हिसे मी काढतो. उन्हाळ्यात ऑर्डरी पडल्या की झोप माझी उडते. आणि घर तिचं? त्या फरशीवर मी उभा होतो ना, सुचित्रा, तेव्हा मला वाटलं, आपल्याला कोणीतरी फसवलंय. कोणी ते कळेना. पण फसवलंय.

सुचित्रा : कोणी ते मी सांगते. त्या बिल्डरनं फसवलंय. त्याला फोन लावून शिव्या घाला ना! तिथे "साहेब, जरा बघा ना, साहेब" करता, शेपूट घालता. आणि राग काढायला सापडली कोण, तर नोई.

सत्यजित : पण भाऊजी, घर झालंय तर बरंच आहे की. जाऊ दे तिला. राहील आरामात.

हेमचंद्र : बरोबर बोलतोय हा. राहू दे की स्वतःच्या घरात. मी काय तिला रस्त्यावर काढतोय?

सुचित्रा : चोर म्हणून जाऊन राहू दे? गावात तिच्या आईनं काय सांगायचं? की ज्या शेठला मी पोरीच्या पलंगावर झोपवलं, त्यानंच तिला चोर ठरवून परत पाठवली?

हेमचंद्र : पोरीच्या पलंगावर?

सुचित्रा : घ्या. म्हणजे हेही तुमच्या लक्षात आलं नाही. आपण दोन रात्री झोपलो ती खोली कोणाची होती? गादीवरचं प्लॅस्टिक म्हातारीनं आपल्यासमोर फाडलं.

हेमचंद्र : मला वाटलं, पाहुण्यांची खोली असेल.

सुचित्रा : नोईची आहे. तिच्या भाचीनं फोनवर भाषांतर करून मला दाखवलं. चार महिने कडी लावून ठेवली होती, नोई आल्यावर तीच पहिली झोपेल म्हणून. पण मालक येतायत म्हटल्यावर उघडली. तिच्या आधी आपण लोळून आलो तिथे. आणि आल्या आल्या विचारतोय, परवडलं कसं!

सत्यजित : पण कंपनी दर दोन वर्षांनी तिकीट देते ना तिला. मग गेली का नाही?

सुचित्रा : व्हाउचर तू बनवतोस आणि मला विचारतोस? चार वर्षांत दोन तिकिटं झाली. दोन्ही वेळा तिनं तिकिटाऐवजी पैसे घेतले. पहिल्या वेळी तिला तसं कोण म्हणालं होतं, आठवतंय का हो? "नोई, दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, तू गेलीस तर काउंटर बसेल. पैसे घे, नंतर जा." तिला बॅग भरायची होती. तिनं आईसाठी घेतलेलं गुडघ्याचं औषध दुसऱ्या कोणाच्या तरी हातून पाठवलं.

हेमचंद्र : आणि दुसऱ्या वेळी? दुसऱ्या वेळी तिनं स्वतः मागितले.

सुचित्रा : हो, कारण तोवर जुनं लाकडी घर पाडून झालं होतं आणि जिन्याचं काम अडलं होतं. सुट्टीचेही पैसे मागितले तिनं. तुम्ही किती खूश झालात! माणूस जागचं हललं नाही, काम चालू राहिलं. घरी येऊन मला म्हणालात, "नोई म्हणजे सोनं आहे."

हेमचंद्र : तिनं मागितले, मी दिले. यात माझा गुन्हा काय?

सुचित्रा : गुन्हा नाही. पण मग परवडलं कसं, हे तोंड वर करून विचारू नका. न जाऊन परवडलं तिला. चार वर्षं घरी गेली नाही, म्हणून घर झालं. आणि तुम्हाला ते ठाऊक होतं, दोन्ही कागदांवर सही तुमची आहे.

हेमचंद्र : झालं बोलून?

सुचित्रा : नाही झालं. ते पत्र आज तिच्या हातात पडलं, तर मी उद्यापासून किचनमध्ये पाय ठेवणार नाही. मेनू तुम्ही लावा, चव तुम्ही बघा, कस्टमरची बोलणी तुम्ही खा. आणि माझ्या भावाला सांगा कार्टन मोजायला. जमलं तर.

सत्यजित : भाऊजी, फोन वाजतोय. नोईचा आहे.

हेमचंद्र : वाजू दे. पोचल्यावर बघू.

सुचित्रा : का? घ्या ना. विचारा तिला, परवडलं कसं. माझ्यासमोर विचारा.

हेमचंद्र : विचारतोच. मी घाबरतो की काय? हॅलो. हां, बोलो नोई.

नोई : गुड मॉर्निंग सर! मॅडम साथ में है?

सुचित्रा : हां नोई, मैं भी हूँ. स्पीकर पे है.

नोई : गुड मॉर्निंग मॅडम. सर, आज एक सौ चालीस लंच है. करी पेस्ट हो गया, चावल चढ़ा दिया. आप आराम से आओ, टेन्शन नहीं. बहुत जॅम है?

हेमचंद्र : हां, जॅम है. नोई, तुमको एक बात पूछना है.

नोई : मेरे को भी पूछना है, सर. पहले मैं पूछूँ? छोटा बात है.

हेमचंद्र : पूछो.

नोई : सर, आप ऊपर का रूम में सोया ना? उधर से तालाब दिखता है, नहीं दिखता? माँ वीडियो भेजता है, पर वीडियो में खिड़की एकदम सफ़ेद आता है. बाहर कुछ मालूम नहीं पड़ता. पहले अपना घर नीचा था, बीच में पड़ोसी का छत आता था. मैं मिस्त्री को फोन पे बोला था, इतना ऊपर करो कि तालाब दिखे. माँ बोलता है दिखता है. पर माँ का आँख अच्छा नहीं. सर, सच में दिखता है?

सत्यजित : भाऊजी, पुढची गाडी गेली. मागचा हॉर्न मारतोय.

नोई : हॅलो? सर?

सुचित्रा : सांगा ना तिला. बघून आलात ना तुम्ही.