जात्याचा पहिला फेरा

पाटोद्याहून बीडला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर अकरावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडं होतं.

"माय, जात्याचा खुंटा कडेलाच काहून असतो?"

"मधी ठोकला तर जातं हालंल व्हय?"

"पुस्तकात तेच हाय. मधापासून जितकं लांब धरावं, तितका जोर कमी लागतो."

"पहिला फेरा तेवढा लई जड. मंग हात सोडला तरी घरघर फिरत ऱ्हातं. माझ्या बहिणीची हळद दळतानी त्या घरघरीनं माझे तर सुखानं डोळेच मिटायचे बघ."

"मंग उद्या मावशीच्या रोहिणीताईची हळदबी तूच दळ."

"येडी का काय! तुझा बाप गेल्यापसून मला कोण हात लावू दील? सवाशिणी दळतील. मी आपली लांबून बघन."

"मी करवली हाय, मी खुंटा धरणार. माझ्या हातावर तू हात ठेव."

"बाया काय म्हणतील?"

"म्हणू दे. जोर कुणाचा हाय, ते जात्याला कळत न्हाई."

मायनं पुस्तकावरच्या लेकीच्या हातावर हात ठेवला.

"नंदे, पहिला फेरा हळू घे. त्याचा जडपणा माझ्या हाताला कळू दे."