दीड दिवसाचा उजेड

लिही पोरी, मी बोलते तसंच लिही, गोड करायला जाऊ नको. माझं माहेर मिठागराचं, बाप मीठ ओढायचा, आनि मला दिली गास गावात, भातशेतीत. घर मोठं, मधे भिंत घातलेली, एका बाजूला आमी, एका बाजूला माझे मोठे दीर, नाना. मीटर मात्र एकच, सासऱ्यांच्या वेळचा, नानांच्या ओटीवर, त्याच्या खाली दोन फ्यूज, एक त्यांचा एक आमचा. नवरा होता तवर मीटर कुठं हाय ते कोनाला आठवलं पन नाय. मग नवरा गेला, पदरात दोन पोरी, आनि तेराव्याचे पाहुने गेले त्याच संध्याकाळी नानांनी आमचा फ्यूज काढला न खिशात घातला. मी ओटीवर गेले, म्हनलं भावजी, लाईट गेली काय, तर म्हनाले, माझी हाय, तुझी गेली.

काय सांगू तुला. मी कंटाळून माहेरी जावं, मधली भिंत पाडावी, सगळं घर त्यांचं, हा डाव होता, गावाला पन कळत होतं, बोलत कोन नव्हतं. मी म्हनलं मी वेगळा मीटर घेते, तर म्हनाले विधवा बाईला मीटर देत नाय, मोठ्या भावाची सही लागते, ती मी मेलो तरी करनार नाय. आनि मी येडी, खरं धरलं.

मग रॉकेलची चिमनी. पोरी चिमनीत अभ्यास करायच्या, नाकात काजळी. आनि भिंतीच्या पलीकडं टीव्ही. रविवारी पिक्चर लागला की माझ्या दोघी भिंतीला कान लावून बसायच्या, बघायच्या नाय, ऐकायच्या, आनि एकमेकींना सांगायच्या आता हिरो आला, आता मारामारी चाललीय. ते मी इसरनार नाय. मला खायला कमी पडलं ते इसरेन, ते नाय.

नाय, एकदा लाईट यायची, वर्षातनं एकदा. आमच्यात गनपती घरान्याचा एकच, दीड दिवसाचा, थोरल्याकडं बसतो. मूर्ती त्यांच्याकडं, पंगत माझ्या बाजूला, तशी रीतच हाय. आता पाहुन्यांना अंधारात वाढलं तर नाव कोनाचं जानार? म्हनून तेवढा दीड दिवस माझा फ्यूज परत लागायचा. लोक म्हनायचे, बघा, नाना भावजयीला किती सांभाळतात. आनि तळ्यावर गनपती पोचवून आलो, रिकामा पाट जागेवर ठेवला, की पाय धुवायच्या आधी नानांचा हात माझ्या फ्यूजवर. चार वर्षं असं.

मी तवा वालीवला कंपनीत होते, तिथं प्लग बनायचे, पितळेच्या पिना बसवायच्या न स्क्रू आवळायचे, दिवसभर तेच, आनि घरी येऊन काय तर चिमनी पेटवायची. हसतेस काय गो! हस हस, मी पन हसते आता. मग ती कंपनी गुजरातला गेली न आमी घरी. चाळिशी कधीच उलटलेली, कोन घेनार कामाला? तवा वसईला चर्चच्या हॉलमधे फादरनी वायरिंगचा क्लास चालू केलेला, मी गेले. सगळी मिसरूड फुटलेली पोरं. एक म्हनतो, मावशी, शिवनक्लास वरच्या मजल्यावर. मी म्हनलं, शिवन मला येते, आधी तुझंच तोंड शिवू काय? सरांनी विचारलं, बाई, तुमी कशाला आलात या वयात? मी म्हनलं, मला एक मानूस अंधारात बसलेला बघायचाय. सर हसले, म्हनाले, ते आपन शिकवत नाय, पन बसा.

शिकले मी. पहिले आठ दिवस भिंतीला छिन्नी मारून हाताला फोड, शॉक बसला दोनदा, शिडीवर चढले की साडी पायात, मग सरळ पोरीचा पंजाबी ड्रेस घातला. गावात नाना सांगत फिरायचे, लाईटला चिकटून मरनार हाय ही. आनि एक दिवस सर मीटरचं शिकवत होते, म्हनाले, ज्याच्या नावावर घरपट्टी त्याला मीटर, आनखी कोनाची सही लागत नाय. घरपट्टी तर आमची वेगळी येत होती, नवऱ्याच्या नावावर, वाटनी झाली तवापासनं! मी उठले, बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. चार वर्षं माझ्या पोरींनी भिंतीला कान लावला, या मानसाच्या एका खोट्यापायी.

घरपट्टी माझ्या नावावर करून घेतली न मीटर घेतला. घरातलं वायरिंग सगळं माझ्या हातचं. पहिला बल्ब लागला तवा पोरी नाचल्या, मी रडले बिडले नाय, भिंतीकडं तोंड करून एक शिवी दिली, ती तू लिहू नको.

त्याच वर्षी गनपतीला नानांना काय चढलं, माझ्यापेक्षा जास्त उजेड पायजे, म्हनून माळा, फोकस, फिरतं चक्र, सगळं आनलं. फ्यूज सारखा उडायचा, तर यांनी त्यात जाडजूड तार घातली. मी चार मानसांदेखत सांगितलं, भावजी, ती तार काढा, बोर्ड जळेल. तर म्हनतात, आली मोठी इंजिनेर, जा, मोदक वळ.

संध्याकाळची आरती चालू, घर भरलेलं, आनि बोर्डातनं धूर! फट्ट करून सगळी बाजू काळोखात. आग नाय लागली, देवाची कृपा. पन वायर सगळी जळाली. जाऊबाई मागच्या दारानं आल्या, सुमन, ये ना गो, गनपती अंधारात हाय. मी म्हनलं, त्यांना पाठवा. आरती थांबलेली, लोक टाळ हातात घेऊन उभे. आले नाना. माझ्या उंबऱ्याशी उभे राह्यले, म्हनाले, देवाला उजेड पायजे. मी म्हनलं, देवाला देते, त्यानं माझं काय वाकडं केलंय? तुमाला काय पायजे ते तुमी बोला. आख्खा गास ऐकत होता. खाली बघून म्हनाले, दे मला, सुमन.

दिली. माझ्या घरातनं खिडकीतनं वायर ओढली न एक ट्यूब लावली, मूर्तीवर फक्त. आनि दुसऱ्या दिवशी तळ्यावरनं आलो, पाट ठेवला, की मी प्लग ओढला. पाय पन धुतले नाय. नालासोपाऱ्याचा वायरमन सनाच्या गर्दीत लवकर येतोय कुठं, नाना किती दिवस बसले अंधारात. मी टीव्ही घेतलेला, आवाज फुल्ल ठेवायचे. जाऊबाईंना म्हनलं, तुमी या आत बघायला. नानांना नाय बोलवलं.

आता पोरी आपापल्या घरी सुखात, मला बिल्डिंगींमधनं काम येतं, बायका मलाच बोलावतात. नानांना मधी मोतीबिंदू झाला, काय दिसेना. रिक्षा करून मीच नेलं डॉक्टरकडं, ऑपरेशन होईतो बाहेर बसले मीच. गाव म्हनतो, सुमनचं मन केवढं मोठं. मन बिन काय नाय पोरी. मी माझ्या ओटीवर माझ्या नावाची पाटी लावलीय, सुमन इलेक्ट्रिकल, वर मोठी ट्यूब, बरोबर त्यांच्या खुर्चीसमोर. पट्टी सोडल्यावर ते येऊन बसले आनि मी बटन दाबलं. वाचली त्यांनी, ओठ हलताना बघितले मी. आता रोज दिवेलागनीला हात जोडते, देवा, शंभर वर्षं दे नानांना, आनि डोळे शाबूत ठेव.