पडद्यामागं बसवलेली देवी

चहा घ्या, पण सिनेमातल्या बायांना नावं ठेवायची असतील तर माझ्या घरात नको. निजामाच्या काळातली गोष्ट सांगते. अणदूरच्या जत्रेत, तंबूत, देवीचा सिनेमा लागला होता. त्यात देवी झालेली बाई आमच्याच भागातली. तिशी उलटली म्हणून कंपनीनं काढून टाकली, तशी गावी परतली होती. त्या दिवशी स्वतःचाच सिनेमा बघायला आली.

तंबूत बायका एकीकडं, गडी एकीकडं, मधे कनात. ती आमच्यात बसायला लागली तशी माझी सासू म्हणाली, "ही नाचणारी आमच्यात नको." गड्यांत तर तिला बसताच येईना. पडदा म्हणजे नुसतं पांढरं कापड, मागूनही चित्र दिसायचं. तंबूवाल्यानं तिला तिकडं नेऊन बसवलं. मी नवी सून, गप्प राहिले. त्याचा राग मला अजून येतो.

खेळ सुरू झाला. देवी दिसली तशी हीच सासू उठली, हळदीकुंकू वाहिलं, खणानारळानं ओटी भरली, पडद्यापुढं डोकं टेकलं. जिला हाकललं ती त्याच कापडापलीकडं, हातभर अंतरावर बसलेली.

खेळ सुटल्यावर ती समोर आली. सासू ओशाळून म्हणाली, "देवी लई साजरी दिसली गं."

ती म्हणाली, "मागनं बी तशीच दिसते, मावशी. फक्त तिकडनं तुमी दिसत न्हाय, तेवढं बरं हाय."