सामानापाशी कुणी बसायचं

‘सामानापाशी बाईमाणसानं बसायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही’ — हा आमच्या घरचा नियम आहे वहिनी, लग्न ठरवताना तुला कुणी सांगितला नसेल — पण आधी ऊठ संग्रहालयाच्या त्या पायरीवरून. ऊठ म्हणते ना! लग्नाला महिना झाला नाही आणि तुझ्या मांडीवर बॅगा आल्यासुद्धा — अभिनंदन, आता तू खरी घरची झालीस. बाबा, काका, दादा तिकिटं काढून येईपर्यंत ऐक. लहानपणी दर सुट्टीत आम्हाला राजधानी दाखवायला आणायचे — हा स्तंभ, तो किल्ला, हे संग्रहालय — पुढं बाबा, ‘बघा, इतिहास बघा!’ ओरडत, मागं काका मान डोलवत, त्यांच्यामागं मी आणि तुझा नवरा, रडकुंडीला आलेले. तहान लागली म्हटलं तर ‘आधी तो शिलालेख वाच!’ — जसं काही शिलालेखातून पाणी येणार होतं! आणि आई? आई बाहेर. प्रत्येक ठिकाणी बाहेर. काय होतं एवढं बॅगांत? टॉवेल, दादाच्या चड्ड्या, काकांचं दाढीचं सामान. ती समोरची खिडकी बघ — ‘सामान येथे ठेवावे’ — तेव्हाही होती, फुकट होती. पण छे, परक्याच्या हाती सामान द्यायचं नसतं! आत राजाचा मुकुट परका पहारेकरी राखतो, ते चालतं — आमच्या टॉवेलांना मात्र घरचीच बाई हवी.

काय? आतल्या सिंहासनाचं तुला आईनंच सांगितलं? हत्तीएवढं, पायाशी सोन्याचे सिंह, त्यांचे माणकांचे डोळे आपल्या मागं मागं फिरतात — असंच ना? अगं, ते माझं आहे. सगळं माझं. बाहेर आले की ती मला जवळ ओढून विचारायची, ‘मग? अजून काय होतं?’ — आणि तिचा चेहरा असा व्हायचा की मी दर वेळी एक सिंह वाढवायचे. खरं सिंहासन आपल्या जेवणाच्या खुर्चीएवढं आहे, एका सिंहाचं तर नाकच उडालंय. आणि ही बिचारी इतकी वर्षं शेजारणींना, पाहुण्यांना, आता तुला — स्वतः पाहिल्यासारखं — जाऊ दे. हे बोलायचं नव्हतं मला. तू मागं का बघतेस? आई... पाणी भरून तू कधी आलीस?

बरं झालं. ऐकलंस ते बरंच झालं.

आले बघ इतिहासकार. बाबा, चारच तिकिटं? आपण सहा आहोत. द्या इकडं. हे आईचं — धर गं — हे वहिनीचं, हे माझं. नाही, मी बसणार नाही. वहिनीही नाही. काका, लोक बघताहेत तर बघू देत, बघायलाच आलेत ते. हे एक उरलं — तुम्ही, काका, दादा, आपसात ठरवा कुणी आत यायचं आणि सामानापाशी कुणी बसायचं. का? का म्हणून विचारायचं नाही, बाबा. नियम आहे.

 

चल, आई.