चाकामागचा दगड

तुम्ही हसाल, पण भंडारदऱ्याच्या सहलीचं नाव निघालं की मी अजून विषय बदलते. तेव्हा दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून माझी मैत्रीण कुसुम हिच्या भावाची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. अकोले गावापुढच्या चढावर ती बंद पडली. मैत्रिणी ढकलत होत्या आणि मी चाकामागं दगड लावत होते. एकदम गाडी सुरू झाली.

"चढा लवकर, थांबवली तर परत बंद पडेल!" भाऊ ओरडला.

सगळ्या चढल्या. मी दगड धरून मागंच.

गवताचा भारा घेऊन एक म्हातारी आली. "तुला न्हाई व्हय नेलं?"

"येतील की परत."

"तू ऱ्हायलीस, ह्ये ठावं हाय का त्यास्नी?"

तेव्हा कुठं मी हातातला दगड खाली टाकला.

तासाभरानं गाडी आली. कुसुम हसत म्हणाली, "अगं, पेरू वाटले आणि एक उरला, तेव्हा कळलं!"