अक्का आणि मेक्सिकोची मिरची

खोटं वाटेल तुम्हाला, पण माझ्या मेक्सिकन चॉकलेटची परीक्षा शिंदखेड्याच्या अक्कांनी घेतली. अक्का म्हणजे माझ्या आत्येसासूबाई, सगळी हयात मसाले कुटण्यात गेलेल्या. त्या जळगावला माझ्याकडे आल्या तेव्हा प्रदर्शनासाठी केलेले माझे बार तयार होते, दालचिनी आणि सुकी मिरची घातलेले. मी ऐटीत एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

डोळे मिटून त्यांनी तो चघळला. "हाई मिरची मरेल शे."

"अक्का, थेट मेक्सिकोची आहे!"

"मग तठेच मरी गयी व्हई."

मेलेली मिरची? मला रागच आला. पण मिरचीचं पाकीट हुंगलं तर खरंच कसलाही वास नव्हता, आणि प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी. मी मुकाट्यानं सगळे बार वितळवायला घेतले. अक्कांनी स्वतःच्या पिशवीतली मिरची तव्यावर भाजली, तसं आख्खं घर खोकायला लागलं.

अक्कांनी नव्या बारचा तुकडा तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी घाबरून तांब्या पुढे केला. तो बाजूला सारत त्या म्हणाल्या, "आते गोड लागनं."