बूड किती, पाणी किती

...आणि वर मलाच म्हणते, ‘अहो, तुम्ही भित्रे आहात!’ भित्रा? मी? अहो, मला पोहता येत नाही हो! ज्याला पोहता येत नाही तो पाण्याला भितो, याला भित्रेपणा नाही म्हणत, याला साधी अक्कल म्हणतात! नाही, तुम्हीच सांगा, उभा जन्म मी शिवणाच्या मशीनवर काढला, शिंपी माणूस मी, माझा आणि पाण्याचा संबंध काय, तर इस्त्री करताना कापडावर शिंपडतो तेवढा! अंघोळीलासुद्धा मी बादली घेतो, कारण बादलीचा तळ दिसतो. आणि अशा माणसाला, तुम्हाला सांगतो, अशा माणसाला उतारवयात बोट निवडायला घेऊन गेले!

कोण म्हणजे? आमची ही! ही ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. समोर माणसाचं पोट उघडं असताना शेजारणीला ‘डब्यात काय आणलंयस गं?’ असं विचारणारी बाई! तिला कसली भीती? त्यातून माझे सासरे मालाची बोट चालवायचे, कालव्यातनं, विटा नि वाळू. ही म्हणे त्या बोटीवर रांगायला शिकली. तर ही निवृत्त झाली, घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, ‘अहो, आपण बोट घेऊ या. कालव्या-कालव्यानं हिंडू.’ मी म्हटलं, ‘अगं, बस आहे की!’ तर म्हणाली, ‘तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाईन.’

आता हे तिनं रागावून म्हटलं असतं ना, तर मी खुशाल पेपर वाचत बसलो असतो. पण हे ती म्हणाली मोज्यांच्या जोड्या लावता लावता. शांतपणे! म्हणजे जाणार! मी आमच्या दोन खोल्यांकडे बघितलं, तिच्या खुर्चीकडे बघितलं. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ती रिकामी खुर्ची. मी म्हटलं, ‘चल बाई, कुठे यायचंय?’

तर गेलो धक्क्यावर. तिथे एक बोटींचा दलाल. लोकरीची टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘काय आहे ना, साहेब!’ मी आपलं विचारलं, बाबा रे, यातली न बुडणारी कुठली? तर म्हणतो, ‘काय आहे ना, साहेब, सगळ्याच थोड्या बुडतात!’ घ्या! मी माघारी वळलो. म्हणतो, ‘तसं नाही हो, साहेब. बोट वरनं बघायची नसते, बोटीचं बूड बघायचं. पाण्याच्या वर किती दिसते ते सोडा, खाली किती जाते ते महत्त्वाचं. कालव्यात गाळ असतो, उन्हाळ्यात पाणी उतरतं. बूड खोल असलं की टेकलीच.’ मी म्हटलं, टेकली म्हणजे? ‘म्हणजे बसली.’ बसली म्हणजे? ‘म्हणजे मग आपणही बसायचं.’

पहिली बोट दाखवली खोल बुडाची. मी डोळे मिटून पाय टाकला... आणि काय सांगू, ढिम्म! हलेना, डुलेना. जमिनीवर उभा असल्यासारखा! मी म्हटलं, हीच! बांधा! तर आमची ही म्हणाली, ‘अहो, कमरेएवढं बूड आहे तिचं. आपल्या कालव्यात नाही चालायची.’ मग दुसरी दाखवली, सपाट बुडाची. ‘काय आहे ना, साहेब, हिला गुडघाभर पाणी पुरे. दवावरसुद्धा चालेल!’ मी एक पाय टाकला मात्र, ती अशी डुलली... अशी डुलली की मी दलालाच्या गळ्यात! त्याची टोपी माझ्या तोंडात! आणि मी त्या टोपीतनं ओरडतोय, ‘मला पोहता येत नाही हो!’

म्हणजे बघा, खोल बुडाची घ्या, ती रुतणार. उथळ बुडाची घ्या, ती डुलणार. रुतून मरायचं का डुलून मरायचं, एवढंच आपण ठरवायचं!

मी हट्ट धरला. खोल बुडाचीच! निदान चालवून तरी बघू. ही म्हणाली, ‘बरं.’ तुम्हाला सांगतो, बायको वाद न घालता ‘बरं’ म्हणाली की माणसानं तिथनं पळून जावं. मी काय केलं? दोन लाईफ जॅकेटं घातली. एक पुढनं, एक मागनं. आणि बसलो मधोमध, बाकाला धरून. निघालो. सुकाणू दलालाच्या हातात. दोन्हीकडे झाडं, बदकं, ही खूश, गाणंबिणं गुणगुणतेय... आणि समोरनं आली मालाची बोट! ही एवढी थोरली! दलाल म्हणतो, ‘काय आहे ना, साहेब, तिला वाट द्यायला हवी,’ आणि आमची बोट घेतली कडेला. आता पाणी खोल कुठे असतं? मधे! आणि गाळ कुठे असतो? कडेला!

खर्रर्र... थप्! थांबली. आणि थांबून गप्प राहील तर शपथ, हळूहळू एका अंगावर कलायला लागली. कपाटातल्या कपबश्या खळ्ळकन् खाली. मी बाकाला मिठी मारली. आणि दलाल तोंड वर करून म्हणतो काय, ‘काय आहे ना, साहेब, टेकली!’

ही उठली. एक लांबलचक बांबू घेतला, कडेला उभी राहिली आणि लागली रेटायला. मी म्हणतोय, ‘अगं, नको! अगं, वय काय तुझं!’ ऐकेल तर ना! दात-ओठ खाऊन रेटलं, आणि बोट निघाली की हो! बोट निघाली, पण बांबू गाळात रुतलेला, आणि हिनं बांबू सोडलेला नाही! म्हणजे बोट पुढे, बांबू मागे, आणि आमची ही मधे लोंबकळतेय... आणि मग धप्प! पाण्यात! गायब! मी बघतोय, नुसते बुडबुडे...

मी उडी मारली.

नाही, नाही, हसू नका. मी ठरवून नाही मारली. आधी ठरवलं असतं, तर अजून बोटीवरच असतो. डोळे मिटलेले, नाकातोंडात चिखल, हातपाय झाडतोय, तिला शोधतोय आणि बोंबलतोय, ‘मला पोहता येत नाही हो! कुणीतरी हिला काढा! मला पोहता येत नाही!’ तोच वरनं आवाज आला. हिचा. अगदी वॉर्डातला आवाज. ‘अहो, उभे राहा.’

राहिलो. पाणी कमरेएवढं.

ही शेजारी उभी. केसांना गाळ, गालाला गाळ, चष्मा एका कानावर. आधी हसत होती. मग हसायची थांबली. म्हणाली, ‘तुम्ही उडी मारलीत?’ मी म्हटलं, ‘छे! पडलो.’ तिनं माझं मनगट धरलं, सवयीनं नाडी बघितली. नाडी कधीच बघून झाली हो, मनगट काही सोडलं नाही. आणि तिकडे बोट दलालासकट चाललीय पुढे, आणि तो लांबनं ओरडतोय, ‘काय आहे ना, साहेब, सुटली!’

घेतली मग सपाट बुडाचीच. मीच म्हटलं, डुलू दे. गुडघाभर पाण्यात बुडून बुडून किती बुडणार? मला पोहता येत नाही, पण उभं राहता येतं! परवा तर हिनं सुकाणू माझ्या हातात दिलं आणि चहा टाकायला आत गेली. मी ऐटीत उभा. वारा, ऊन, मजेत चाललोय. आणि समोर नांगरलेली एक पांढरीशुभ्र बोट, नवीकोरी, वर एक म्हातारं जोडपं निवांत नाश्ता करतंय. मी म्हटलं, जरा थांबावं. इकडे बघतो, तिकडे बघतो, पायाखाली बघतो... ‘अगं, हिचा ब्रेक कुठाय?’ आतनं हिचा आवाज, ‘अहो, बोटीला ब्रेक नसतो!’

आता बोला! तेव्हापासनं मी काय करतो, समोर कुणी दिसलं की लांबनंच हात जोडून माफी मागायला सुरुवात करतो. आमची बोट पोचेपर्यंत निदान तेवढं तरी उरकलेलं असतं.